पहिला पूर्ण वाटा

(मालवणजवळच्या एका माध्यमिक शाळेच्या पालकसभेतील भाषणाचे शब्दांकन)

मागे उभ्या आहात त्या सगळ्या जणी पुढे या, सतरंजीवर अजून जागा आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीतला एक मुलगा सोमवारी प्रार्थनेआधीच माझ्यापाशी आला. एरवी चार वेळा नाव घेतलं तरी मान वर न करणारा. म्हणाला, "बाई, काल माका पुरो वाटो गावलो." गणपती उरकून रापणी, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने ओढायची मोठी जाळी, सुरू झाल्या होत्या. लहानपणापासून तो दोर ओढायला जायचा आणि पोरांना देतात तसे मूठभर बांगडे घेऊन घरी यायचा. त्या रविवारी पहिल्यांदा त्याच्यापुढे बाकीच्या गड्यांएवढाच ढीग लागला. दोराने सोललेले तळवे त्याने माझ्यासमोर उघडून धरले. मी विचारलं, बाबा काय म्हणाले? "कायच नाय. टोपली उचलल्यानी आणि सहामाई कधी, ता विचारल्यानी."

त्याच आठवड्यात बाबा बाजारात भेटले. मला बघून थांबले आणि म्हणाले, "पोरगो आता गडी झालो, बाई." डोळ्यांत पाणी होतं. हे वाक्य त्यांनी मला सांगितलं, नाक्यावर आणखी चौघांना सांगितलं असेल. मुलाला मात्र सांगितलं नव्हतं. तोंडावर कौतुक केलं की पोर शेफारतं, असं आपण मानत आलो. माया कमी नाही आपल्याकडे. ती पोरांच्या कानापर्यंत पोचत नाही, एवढंच मला सांगायचंय.

मार्कांचं मात्र आपण मोठ्याने बोलतो. दहावीला कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला. २०२५ साली निकाल ९८.८२ टक्के लागला. म्हणजे जवळपास सगळीच मुलं पास होतात. मग घरात प्रश्न उरतो तो शेजारच्याला किती पडले एवढाच. या वयात मूल आणखी काय काय झालं, याची नोंद कुठल्याच गुणपत्रिकेत नसते. मुलीला पाळी येते तेव्हा आपण तिला आधी काय सांगतो? इथे शिवू नको, तिथे जाऊ नको. मोठी झाल्याची पहिली खूण, आणि तिच्या वाट्याला येते मनाईची यादी. मुलाचा आवाज फुटतो, तर सगळं घर हसतं. तो मग बोलायचंच कमी करतो आणि आपण म्हणतो, हल्ली घुमा झालाय.

मीही यातून सुटले नाही. मी तापाने पडले होते तेव्हा आठवीतल्या माझ्या लेकीने पहिल्यांदा एकटीने पेज केली. मी घोट घेतला आणि म्हटलं, मीठ जास्त झालं. ती आज तिशीची आहे. मीठ तिला अजून आठवतं.

कौतुक कसं करावं, यालाही महत्त्व आहे. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या अमेरिकेतल्या दोघींचे पाचवीतल्या मुलांवरचे प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाले. कोडी सोडवल्यावर काही मुलांना सांगितलं, तू हुशार आहेस. काहींना सांगितलं, तू मेहनत घेतलीस. पुढे अवघड कोडी आल्यावर हुशार म्हटलेली मुलं लवकर खचली. मेहनतीचं कौतुक झालेली नेटाने बसून राहिली. म्हणून "माझा वाघ" म्हणण्यापेक्षा "हात सोलले तरी दोर सोडला नाहीस" म्हणा. तुम्ही नीट पाहिलंत, हे त्याला त्यातून कळतं.

आणि पाहिलं गेलेलं मूल अडचणीत घरी फोन करतं. मित्र बघत असले की या वयातली मुलं जास्त धोका पत्करतात, हेही प्रयोगांतून दिसलंय. शिमग्याच्या रात्री एका बाइकवर तिघं बसलेत, चालवणारा प्यायलाय. त्या क्षणी मुलाच्या मनात एकच हिशोब चालतो: बाबाला बोलावलं तर तो न्यायला येईल की आधी ओरडेल? त्याचं उत्तर गेल्या दोन-तीन वर्षांत तुम्ही त्याच्याशी कसे बोललात, यात असतं. त्या रात्री फक्त न्यायला जा. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, जेवल्यावर.

ज्यांचे यजमान मुंबईला आहेत त्यांनी यजमानांना सांगा: फोनवर पहिला प्रश्न अभ्यासाचा नको. "आज काय केलंस?" विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मूल जेवेनासं झालं, झोपेनासं झालं, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवू लागलं, तर मात्र वाट बघू नका. टेलिमानस या मनाच्या आजारांवरच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्रीही चालतो, पैसे पडत नाहीत.

त्या मुलाचे बाबा आज इथे बसलेत, त्यांना विचारूनच ही गोष्ट सांगितली. मुलगा आता ट्रॉलरवर इंजिन सांभाळतो. मघाशी दारात त्यांनी मला विचारलं, "त्याका ता आता सांगितलंय तर चलात काय, बाई?" मी म्हटलं, आज रात्री बोट लागली की धक्क्यावरच सांगा.