तुम्ही लग्न का केलंत?

[दृश्य: सेंट पॉल शहर. रात्र. विधानभवनाचा पांढरा घुमट.]

२१ मे २०११, शनिवार. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याचं विधानभवन रात्र चढली तरी जागं आहे. प्रतिनिधिगृहाच्या दारांबाहेर गर्दी जमली आहे. कुणी गाणी म्हणतंय, कुणी घोषणा देतंय. आत वाद चालू आहे तो एका वाक्यावरून. मिनेसोटात फक्त एक पुरुष आणि एक स्त्री यांचाच विवाह वैध मानला जाईल, हे वाक्य राज्याच्या घटनेत घालायचं की नाही, हे लोकांना विचारायचं का?

बोलण्याची पाळी जॉन क्रीझल यांची येते. सत्ताधारी रिपब्लिकन पक्षाचे आमदार, निवडून येऊन जेमतेम काही महिने झालेले. डिसेंबर २००६ मध्ये इराकमध्ये फलुजाजवळ त्यांच्या गाडीखाली बॉम्ब फुटला. दोन्ही पाय गेले, दोन सोबती गेले. प्रस्ताव त्यांच्याच पक्षाने आणलेला आहे आणि ते त्याच्या विरोधात बोलताहेत.

त्यांच्या हातात एक फोटो आहे. कॉर्पोरल अँड्र्यू विल्फार्ट, वय ३१, मिनेसोटातल्या रोझमाउंटचा. तीनच महिन्यांपूर्वी कंदाहारमध्ये स्फोटात मारला गेला. अँड्र्यू समलिंगी होता. क्रीझल यांचं म्हणणं साधं होतं. देशासाठी मरायला हा मुलगा चालला, मग आपल्या माणसाशी लग्न करायला तो का चालू नये? हे मी त्याच्या घरच्यांना कुठल्या तोंडाने सांगू?

मतं पडली. ७० विरुद्ध ६२. प्रस्ताव मंजूर झाला. क्रीझल धरून फक्त चार रिपब्लिकन आमदार विरोधात गेले.

[दृश्य: मतपत्रिका. प्रश्नाच्या ओळीवरून सरकणारा कॅमेरा.]

आपल्याकडे घटनादुरुस्ती संसदेत होते. मतदाराच्या हातात त्याचा कागद कधी येत नाही. मिनेसोटात येतो. विधिमंडळाने प्रस्ताव मंजूर केला की तो थेट मतपत्रिकेवर जातो, राज्यपालांची सही लागत नाही. राज्यपाल मार्क डेटन यांनी विरोध दाखवायला नकाराधिकार वापरला खरा, पण त्या कागदाला वजन नव्हतं. निर्णय होणार होता ६ नोव्हेंबर २०१२ रोजी, राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीबरोबर. हाती होतं जवळपास दीड वर्ष.

या लढ्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मिनेसोटात समलिंगी विवाहाला आधीपासूनच बंदी होती. १९९७ चा कायदा होता. त्याआधी, १९७१ चा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल होता. म्हणजे बंदीच्या बाजूने कौल लागला असता तर दाराला आणखी एक कुलूप लागलं असतं. आणि विरोधक जिंकले असते तर? दुसऱ्या दिवशी सकाळी एकाही जोडप्याला लग्न करता आलं नसतं. कायदा होता तिथेच राहिला असता.

तरीही हजारो माणसांनी आपल्या संध्याकाळी आणि शनिवार-रविवार त्यासाठी दिले. दार तूर्त बंदच राहणार आहे, पण निदान ते भिंतीत चिणलं जाऊ नये, एवढ्यासाठी.

मग आधीच बंदी असताना घटनेत लिहिण्याची घाई कुणाला, कशासाठी? उत्तर शेजारच्या राज्यात आहे. एप्रिल २००९ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने समलिंगी विवाह वैध ठरवला. पुढच्याच वर्षी तिथल्या मतदारांनी त्यातल्या तीन न्यायाधीशांना पदावरून घालवलं. मिनेसोटातल्या बंदी समर्थकांनी हे पाहिलं होतं. कायदा न्यायालय रद्द करू शकतं, राज्याची घटनाच तसं म्हणत असेल तर राज्याच्या न्यायालयाचे हात बांधले जातात. हा निर्णय न्यायाधीशांनी का घ्यायचा, लोकांनी का नाही, असा त्यांचा सवाल होता. सवाल वरवर लोकशाहीचा आहे. पण थोड्या माणसांनी संसार करायचा की नाही हे पुष्कळ माणसांनी मत टाकून ठरवायचं, हे मला कधीच पटलेलं नाही.

[दृश्य: अमेरिकेचा नकाशा. एकेक राज्य रंगत जातं.]

इतिहास विरोधकांच्या बाजूने नव्हता. २००८ मध्ये कॅलिफोर्नियासारख्या उदारमतवादी राज्यातही ५२ टक्के मतांनी बंदी आली. मे २०१२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात ६१ टक्क्यांनी. तिथपर्यंत तीस राज्यांच्या घटनांत अशी कलमं बसली होती. ॲरिझोनाने २००६ मध्ये एकदा नकार दिला होता, दोनच वर्षांनी तिथेही बंदी आली. कॅलिफोर्नियात आणि मेनमध्ये बंदीची बाजू जिंकून देणारे प्रचारतज्ज्ञ फ्रँक शुबर्ट आता मिनेसोटात उतरले होते. सेंट पॉल आणि मिनियापोलिसचे आर्चबिशप जॉन निनस्टेड यांनी चर्चची ताकद त्यांच्या मागे उभी केली होती.

विरोधकांच्या आघाडीचं नाव मिनेसोटन्स युनायटेड फॉर ऑल फॅमिलीज. मोहीम चालवत होते रिचर्ड कार्लबॉम, सेंट जोसेफ नावाच्या छोट्या गावाचे माजी महापौर. कॅलिफोर्नियाच्या पराभवातून एक गोष्ट कळली होती. तिथे सगळा प्रचार हक्कांच्या भाषेत झाला होता. समान हक्क, भेदभाव, अन्याय. शब्द खरे होते, पण ऐकणाऱ्याच्या मनात लग्नाचं जे चित्र असतं, तिथे ते पोचतच नव्हते. ‘यांना लग्न हवंय ते सरकारी सवलतींसाठी,’ एवढंच अनेकांना कळलं होतं.

म्हणून मिनेसोटात भाषा बदलली. टेलिफोन घेऊन बसलेला कार्यकर्ता अनोळखी मतदाराला आधी एक घरगुती प्रश्न विचारायचा. तुमचं लग्न झालंय का? तुम्ही लग्न का केलंत?

[शांतता. रिकाम्या खुर्च्या, टेबलावर फोन, नावांच्या याद्या.]

हा प्रश्न आपल्या घरात कुणाला विचारून पाहा. आधी हसतील. वय झालं म्हणून, आईवडिलांनी ठरवलं म्हणून, असं काहीतरी सांगतील. आणि थोडं थांबलात, तर दुसरं उत्तर येईल. कुणीतरी आपलं असावं म्हणून. आजारपणात उशाशी बसायला म्हणून. चार लोकांसमोर शब्द द्यायचा होता म्हणून.

मिनेसोटातही दुसरं उत्तर यायचं. मग कार्यकर्ता विचारायचा, तुमच्या ओळखीत कुणी समलिंगी आहे का? त्यांना लग्न का करावंसं वाटत असेल? बरेच लोक इथे थबकायचे, कारण आपण काही क्षणांपूर्वी दिलेलं उत्तरच आता पुन्हा द्यावं लागणार, हे त्यांच्या लक्षात यायचं. कार्यकर्त्यांमध्ये स्वतः समलिंगी असलेलेही होते. ज्यांच्या हातात आपलं भवितव्य आहे, अशा परक्या माणसाला रोज संध्याकाळी आपली गोष्ट सांगायची आणि काही वेळा शिवी ऐकून फोन ठेवायचा, याला काय लागत असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो.

धर्माचं मैदानही विरोधकांनी सोडलं नाही. अनेक पाद्री आणि कॅथलिक भाविक उघडपणे ‘नाही’च्या बाजूने उभे राहिले. मे २०११ मध्येच समितीच्या बैठकीत आमदार स्टीव्ह सायमन यांनी एक प्रश्न विचारला होता, तो नंतर राज्यभर फिरला: ‘देवाला ही माणसं खरोखरच हवी आहेत का, हा प्रश्न आपल्याला पडण्याआधी देवाने अजून किती समलिंगी माणसं घडवायला हवीत?’

अँड्र्यूचे आईवडील, जेफ आणि लोरी विल्फार्ट, सभांतून बोलत राहिले. मुलाला पुरून वर्षही झालं नव्हतं तेव्हा त्यांनी हे सुरू केलं.

[दृश्य: मतदान केंद्र. नोव्हेंबरची थंड सकाळ.]

मिनेसोटाच्या घटनेत १८९८ पासून एक नियम आहे. दुरुस्तीला त्या प्रश्नावर मत देणाऱ्यांचं बहुमत पुरत नाही, निवडणुकीत मत द्यायला आलेल्या सगळ्यांचं लागतं. म्हणजे तुम्ही राष्ट्राध्यक्ष निवडलात आणि हा प्रश्न कोरा सोडलात, तर तो कोरेपणा ‘नाही’ म्हणून मोजला जातो.

त्या दिवशी ओबामांना मत देणारे आणि रॉम्नींना मत देणारेही याच प्रश्नापाशी आले. मिनियापोलिस-सेंट पॉल परिसरात मराठी कुटुंबं बरीच आहेत. ज्यांना नागरिकत्व मिळालं होतं त्यांच्याही पुढ्यात हा कागद आला.

निकाल मध्यरात्रीनंतर स्पष्ट झाला. सुमारे ४७ टक्के बाजूने, ५१ टक्के विरोधात. एक टक्क्याहून थोडे जास्त लोक प्रश्न कोरा सोडून गेले होते. राज्यातल्या ८७ पैकी बहुतेक काउंट्यांनी बंदीच्या बाजूने कौल दिला होता, तारलं ते मुख्यतः दोन मोठ्या शहरांनी आणि त्यांच्या उपनगरांनी. कोऱ्या मतपत्रिकांची गरज पडली नाही. तरी मला त्या माणसांबद्दल कुतूहल वाटतं. ‘हो’ म्हणायला हात धजला नाही आणि ‘नाही’ म्हणायलाही, अशी सुमारे चाळीस हजार माणसं.

कायद्यात त्या रात्री काहीच बदललं नाही. पण त्याच मतदानात विधिमंडळाची दोन्ही सभागृहं डेमोक्रॅट्सकडे गेली. मे २०१३ मध्ये आमदार कॅरेन क्लार्क आणि स्कॉट डिबल, दोघंही स्वतः समलिंगी, यांनी मांडलेलं विवाह समानतेचं विधेयक प्रतिनिधिगृहात ७५ विरुद्ध ५९ आणि सिनेटमध्ये ३७ विरुद्ध ३० मतांनी मंजूर झालं. १४ मे रोजी डेटन यांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर सही केली. या सहीला मात्र वजन होतं. १ ऑगस्टला मध्यरात्रीचे ठोके पडल्यापडल्या मिनियापोलिसच्या सिटी हॉलमध्ये महापौर आर. टी. रायबॅक यांनी लग्नं लावायला सुरुवात केली.

[दृश्य: जुनं कृष्णधवल छायाचित्र. दोन तरुण, काउंटीच्या कचेरीतली खिडकी.]

आणि आता १९७१ चा तो निकाल. जॅक बेकर आणि मायकेल मॅककॉनेल या दोघांनी मे १९७० मध्ये मिनियापोलिसमध्ये विवाह परवाना मागितला होता. कारकुनाने तो नाकारला, म्हणून ते न्यायालयात गेले आणि हरले. पण अंतिम निकाल येण्याआधीच त्यांनी मॅनकेटो नावाच्या दुसऱ्या गावी जाऊन वेगळ्या कचेरीतून परवाना मिळवला आणि ३ सप्टेंबर १९७१ रोजी एका मेथॉडिस्ट पाद्र्यासमोर लग्न केलं. सरकारने ते कधी नोंदवलं नाही.

सप्टेंबर २०१८ मध्ये मॅनकेटोच्या न्यायालयाने निर्णय दिला, की ते लग्न सर्वार्थाने वैध आहे. म्हणजे २०१२ च्या त्या रात्री, समलिंगी विवाह कायमचा बंद करायचा का याची मतं मोजली जात होती तेव्हा, मिनेसोटात असं एक लग्न ४१ वर्षं नांदत होतं.