पुढचा ब्रेक

(धुळ्यातल्या एका वाचनालयाच्या वासंतिक व्याख्यानमालेत झालेलं भाषण, लेखासाठी थोडं आवरून.)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘ट्रॅकवरचा एक हंगाम आणि खान्देशात सरावाचं मैदान’. मैदानाकडे येतोच. त्याआधी एक विचारतो. दुचाकी शिकवताना घरच्यांनी ‘पुढच्या ब्रेकला हात लावू नको, पलटी खाशील’ असं किती जणांना सांगितलं होतं? हात वर करा. बघा, जवळजवळ सगळेच. मागच्या रांगेतल्या आजींचाही हात वर आहे. त्यांनी बहुतेक हे दुसऱ्यांना सांगितलं असणार! (हशा)

ही शिकवण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती काळजीपोटी दिली जाते, हे मला ठाऊक आहे. पण ती चुकीची आहे, आणि तिच्यापायी माणसं मरतात. यंदाचा हंगाम मी चेन्नईच्या ट्रॅकवर जाऊन-येऊन घालवला. तिथून मनात एकच गोष्ट पक्की करून आलो, ती म्हणजे पुढचा ब्रेक.

ट्रॅक डे म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो, कारण गल्लीत माझ्याविषयी ‘हा रेस लावतो’ अशी चर्चा आहे. ट्रॅक डेला शर्यत नसते, नंबर नसतो, कप नसतो. फी भरायची, आपली गाडी न्यायची आणि समोरून कुणी येणार नाही अशा बंद रस्त्यावर चालवायला शिकायचं. नवखे, मधले आणि तयार स्वार असे गट पाडतात. पंधरा-वीस मिनिटं एका गटाने ट्रॅकवर जायचं, मग बाहेर येऊन पाणी प्यायचं, गाडी तपासायची आणि शिकवणाऱ्याचं ऐकायचं. मी जातो तो ट्रॅक श्रीपेरंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टै इथे आहे. १९९० साली सुरू झाला, लांबी ३.७१७ किलोमीटर, वळणं बारा. इथून गाडी ट्रान्सपोर्टच्या ट्रकमध्ये टाकायची आणि आपण जळगावहून नवजीवन एक्सप्रेस धरायची. डब्यात माझं हेल्मेट आणि चामड्याचा सूट बघून एका काकांनी विचारलं, ‘कथा चालना रे भो (कुठे निघालास), लढाईवर?’ त्यांना सगळं समजावून सांगेपर्यंत भुसावळ मागे पडलं होतं, आणि त्यांच्या डब्यातली कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत माझ्या पुढ्यात आलं होतं. आपल्या मुलखाचं हे असं आहे.

ट्रॅकवर गेल्यावर आधी गाडी तपासतात. आरसे काढायचे. दिव्यांच्या काचांवर टेप लावायची, म्हणजे गाडी पडलीच तर काच ट्रॅकवर विखुरणार नाही. टायरमधली हवा थोडी कमी करायची, कारण टायर तापला की आतला दाब वाढतो. आणि आता पालकांनी नीट ऐका. आमच्या शिकवणाऱ्यांनी आमच्या स्पीडोमीटरवरही टेप लावली. काटा दिसतच नाही. किती वेगात जाताय, ते विसरा म्हणाले. कुठे ब्रेक धरलात, कुठे सोडलात आणि नजर कुठे होती, तेवढं सांगा. वेगाचं वेड लागेल म्हणून मुलांना ट्रॅकवर पाठवायला घाबरणाऱ्यांना मी हेच सांगतो. ज्या ठिकाणी काटाच झाकतात, तिथे वेगाची मिरवणूक कशी निघणार?

झेंड्यांचंही तसंच. पिवळा दिसला की पुढे धोका आहे, ओव्हरटेक बंद. लाल दिसला की सगळ्यांनी वेग कमी करून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकबाहेर गाड्या लावायच्या जागेत, परत यायचं. लाखोंच्या गाड्या घेऊन आलेली मंडळी एका झेंड्यासरशी निमूट मागे वळतात. ते बघूनच मला भरून आलं होतं. आपल्या आग्रा रोडवर संध्याकाळी एकदा उभे राहा, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

आता मुख्य गोष्ट. आमच्या गटाला शिकवणारे पन्नाशीतले गृहस्थ होते. त्यांना हिंदी येईना, मला तमिळ येईना. पहिल्या दिवशी दुपारी त्यांनी माझ्या गाडीजवळ बसकण मारली. खिशातून प्लॅस्टिकची एक बारीक पट्टी काढली, वायरी बांधायला इलेक्ट्रिशियन वापरतो ती. पुढच्या शॉकअपची चकचकीत नळी असते ना, तिच्याभोवती ती पट्टी बांधली आणि सरकवून खाली रबरी सीलला टेकवली. शॉकअप दबला की सील पट्टीला वर ढकलतं. शॉकअप परत उठतो, पण पट्टी वरच राहते. म्हणजे शॉकअप किती दबला होता याची खूण नळीवर मिळते. मग त्यांनी बोटाने पायाचा ब्रेक दाखवला. फक्त हाच दाबून थांबायचं. मी गेलो, ठरलेल्या कोनजवळ (खूण म्हणून ठेवलेला प्लॅस्टिकचा शंकू) मागचा ब्रेक दाबला. मागचं चाक घसरत, शेपूट हलवत गाडी बऱ्याच पुढे जाऊन थांबली. पट्टी पाहिली, तर जेमतेम अंगठ्याएवढी वर सरकलेली. मास्तरांनी ती पुन्हा खाली केली आणि माझी दोन बोटं पुढच्या लिव्हरवर ठेवली. त्यावर स्वतःचा हात ठेवून आधी हलकेच दाबलं, क्षणभर थांबले आणि मग दाब वाढवत नेला. ‘स्लो, देन स्ट्राँग.’ एवढंच इंग्रजी. पुन्हा गेलो. त्याच वेगात, त्याच कोनजवळ ब्रेक धरला, आणि गाडी मघाच्या जवळजवळ निम्म्या अंतरात उभी राहिली. उतरून बघतो तर पट्टी पार वरच्या टोकाजवळ! मास्तर पट्टीकडे बोट दाखवून हसले आणि चहा प्यायला निघून गेले. मी मात्र तिथेच बसून त्या नळीकडे बघत राहिलो.

ती पट्टी काय सांगते? ब्रेक लागला की गाडीचा आणि स्वाराचा भार पुढे सरकतो. पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं, तिथली पकड वाढते. मागचं चाक हलकं होतं, तिथली पकड कमी होते. म्हणजे आपण आयुष्यभर ज्या ब्रेकवर भरवसा ठेवला, तो ऐन गरजेच्या वेळी पकड गमावत असतो, आणि ज्याला हात लावायला घाबरलो, तो मिनिटामिनिटाला नाही, क्षणाक्षणाला ताकदवान होत असतो. मग पलटी कशी होते? लिव्हर झटक्यात आवळल्यामुळे. भार पुढे यायच्या आतच चाक अडकतं, घसरतं आणि गाडी पडते. हँडल वळलेलं असलं, रस्त्यावर खडी किंवा ट्रॅक्टरच्या चाकातून पडलेला ओला गारा असला, तर तिथेही पुढचा ब्रेक जपूनच वापरायचा. लळिंगच्या घाटात पहिल्या पावसात कसं चालवायचं, हा वेगळा विषय आहे, त्यावर मी आणखी एक तास बोलू शकतो.

सूत्रसंचालकांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं.

हिशेब डोक्यात ठेवा. ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. समोर म्हैस दिसून हात ब्रेककडे जाईपर्यंतच तो सेकंद संपतो. त्यापुढे चांगल्या कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट लावले, तर २० मीटरच्या आसपास गाडी थांबते. फक्त मागचा लावला, तर साधारण त्याच्या दुप्पट अंतर जातं. आणि वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लावल्यानंतरचं अंतर चौपट होतं. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. चांगली गोष्ट. ते चाक अडकू देत नाही, पण लिव्हर दाबायची तर माणसालाच. हात पुढच्या ब्रेककडे गेलाच नाही, तर एबीएस काय करणार? शिवाय आपल्या गावोगावच्या शंभर सीसीच्या गाड्यांना ते नाही.

हे ऐकून येत नाही, करूनच येतं. म्हणून मैदान हवं. त्याला कोट्यवधी लागतात असं कुणी म्हणालं, तर चेन्नईचा इतिहास सांगा. हा ट्रॅक होण्याआधी तिथल्या शर्यती शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या. कोईमतूरला २००३ पासून तिथले रेसर करिवर्धन यांच्या नावाचा ट्रॅक आहे. कोईमतूर हे कापडगिरण्यांचं गाव. कापूस आपणही पिकवतो, गिरण्या आपल्याकडेही होत्या. आग्रा रोडने सेंधव्याच्या पुढे गेलात की पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा मोठा ट्रॅक आहे, २०२१ साली झालेला. पण तो वाहनांच्या चाचण्यांसाठी आहे, आपल्या पोरांच्या सरावासाठी नाही.

मला ट्रॅक नकोच आहे. मला शंभर-सव्वाशे मीटर सरळ काँक्रीट हवंय, शेवटी मोकळी जागा असलेलं. असं काँक्रीट आपल्याकडे आहे. कापसाचा हंगाम संपला की जिनिंगची आवारं उन्हाळाभर रिकामी पडतात. बाजार समितीचं यार्ड सुट्टीच्या दिवशी मोकळं असतं. महिन्यातला एक रविवार द्या. सकाळी सहा ते नऊ, त्यानंतर आपल्या उन्हात कुणी टिकत नाही. चुन्याने दोन रेघा मारायच्या, एक प्रथमोपचाराची पेटी, एक जाणता माणूस आणि शॉकअपला ती पट्टी. बारावी झाली म्हणून गाडी घेऊन देणाऱ्या प्रत्येक बापाने आधी पोराला तिथे आणावं. पोरींनाही आणा, स्कूटरला पुढचा ब्रेक असतोच. आणि बापानेही चालवून बघावं.

घंटा झाली. एका जिनिंगवाल्या मित्राने आवार द्यायचं कबूल केलंय. बाहेर टेबलावर वही ठेवली आहे, तिच्यात नाव आणि गाडी कोणती ते लिहा. येताना अंगठे झाकणारे बूट, पूर्ण बाह्यांचं कापड आणि आयएस ४१५१ चा शिक्का असलेलं हेल्मेट हवं, पट्टा लावून. ब्रेकची लिव्हर हँडलला टेकत असेल, तर आदल्या दिवशी मेकॅनिककडून ब्रेक आवळून घ्या, आणि टायरमधली हवा बघून या. पट्ट्या मी आणतो.