ऐकावे तर लागणारच : ग्रीक शोकांतिकेचा नायक

श्रोतेहो, नमस्कार.

थीब्ज नगरीच्या राजवाड्यापुढे एक म्हातारा मेंढपाळ उभा आहे. सेवकांनी त्याचे हात पाठीमागे पिरगाळून धरले आहेत, आणि आयुष्यभर पोटात दडवून ठेवलेली एक गोष्ट राजा त्याच्याकडून वदवून घेतो आहे. तो कळवळून म्हणतो, की जे भयंकर बोलायचे त्याच्या अगदी काठावर मी येऊन ठेपलो आहे. त्यावर राजा उत्तरतो, "आणि मी ते ऐकण्याच्या काठावर. तरी ऐकावे तर लागणारच." अथेन्सचा नाटककार सोफोक्लीज याने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात लिहिलेल्या ईडिपस राजाच्या नाटकातला हा प्रसंग आहे. पु. ल. देशपांडे यांनी १९७९ साली हे नाटक 'राजा ओयदिपौस' या नावाने मराठीत आणले, त्यामुळे आपल्यापैकी काहींना ते परिचित असेल. ग्रीक शोकांतिकेचा नायक कशामुळे नायक ठरतो, या प्रश्नाचे उत्तर मला राजाच्या त्या एका वाक्यात सापडते.

कथा थोडक्यात सांगतो. थीब्जचा राजा लायस याला अपोलो देवाचा कौल मिळालेला असतो की तुझा मुलगाच तुला ठार मारील. म्हणून जन्माला येऊन तीन दिवसही न झालेल्या बाळाचे घोटे जखडून त्याला सिथेरॉनच्या डोंगरावर टाकून देण्यासाठी एका मेंढपाळाच्या हाती सोपवले जाते. मेंढपाळाला दया येते. तो ते मूल कॉरिंथच्या दुसऱ्या मेंढपाळाला देतो आणि तिथला निपुत्रिक राजा त्याला आपला म्हणून वाढवतो. ईडिपस या नावाचा अर्थच सुजलेल्या पायांचा. तरुणपणी तो स्वतः डेल्फीला, अपोलोच्या मंदिरात, जाऊन कौल लावतो, तेव्हा तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील, असे त्याला ऐकावे लागते. ते टळावे म्हणून तो कॉरिंथकडे पाठ फिरवतो, वाटेत एका तिठ्यावर रथातल्या अनोळखी म्हाताऱ्याशी झालेल्या झटापटीत त्याला ठार करतो, थीब्जला छळणाऱ्या स्फिंक्स या राक्षसीचे कोडे सोडवतो, आणि कृतज्ञ नगरी त्याला सिंहासन देते व विधवा राणी योकास्टा हिच्याशी त्याचे लग्न लावून देते. नाटक सुरू होते ते यानंतर पुष्कळ वर्षांनी, नगरीत रोगराई पसरलेली असताना. प्रेक्षकांना ही कथा आधीच ठाऊक असे. पुढे काय होणार याची उत्सुकता नव्हे, तर ते त्या माणसाला कसे कळणार याची धास्ती त्यांना जागेवर खिळवून ठेवत असणार.

आता अ‍ॅरिस्टॉटलकडे वळू. सोफोक्लीज इसवी सनापूर्वी ४०६ च्या सुमारास वारला आणि अ‍ॅरिस्टॉटलचा जन्म ३८४ चा. म्हणजे शोकांतिकेचे शास्त्र सांगणारा हा तत्त्वज्ञ तिच्या ऐन बहराच्या काळात जन्मलाही नव्हता, हे ध्यानात ठेवलेले बरे. विंदा करंदीकरांनी मराठीत आणलेल्या त्याच्या 'काव्यशास्त्रा'त तो म्हणतो की अत्यंत सज्जन माणूस सुखातून दुःखात कोसळला तर आपल्याला केवळ किळस येते, आणि दुष्टाचे पतन झाले तर समाधान वाटेल, पण करुणा किंवा भीती वाटणार नाही. करुणा वाटते ती अपात्री दुःख वाट्याला आलेल्याबद्दल आणि भीती वाटते ती आपल्यासारख्याच माणसाचे तसे झाले म्हणून. तेव्हा उरतो तो या दोहोंमधला, नावलौकिकाचा, आणि दुष्टपणामुळे नव्हे तर 'हामार्तिया'मुळे कोसळणारा माणूस. उदाहरण म्हणून तो ईडिपसचेच नाव घेतो.

या एका शब्दाने पुढच्या टीकाकारांना फार फिरवले आहे. कॉलेजात आपल्याला शिकवले जाते की हामार्तिया म्हणजे नायकाच्या स्वभावातला दोष, आणि मग परीक्षेच्या उत्तरात ईडिपसचा दोष गर्व, असे लिहून आपण मोकळे होतो. मुळात हा शब्द ज्या क्रियापदावरून आला ते होमरच्या काव्यात फेकलेल्या भाल्याचा नेम चुकण्यासाठी येते. पुढे बायबलच्या नव्या करारात याच शब्दाला पापाचा अर्थ आला, आणि मला वाटते त्याची सावली आपल्या वाचनावर पडलेली आहे. ईडिपस रागीट आहे, मेहुणा क्रेऑन याच्यावर तो राजद्रोहाचा खोटा आरोप करतो, हे सारे खरे. पण तो गायीसारखा गरीब असता तरी त्याचे आईबाप बदलले नसते. तिठ्यावरही त्याला आधी वाटेतून ढकलले होते ते रथातल्या म्हाताऱ्याने आणि त्याच्या माणसांनीच. चूक होती ती आपण कोण हे माहीत नसण्याची, आणि अशी चूक कोणत्याही सद्गुणाने टळत नाही. जाता जाता हेही सांगायला हवे की पुढच्याच प्रकरणात अ‍ॅरिस्टॉटल, ऐन वेळी ओळख पटून घात टळतो अशा कथानकाला सर्वांत वरचे स्थान देतो. त्याच्या शास्त्रातही सगळे धागे जुळतातच असे नाही.

दोष जर त्याला नायक बनवत नसेल, तर काय बनवते? नाटक या दृष्टीने पुन्हा पाहा. लायसच्या खुन्याला शोधून हाकलल्याशिवाय रोगराई हटणार नाही, असा निरोप क्रेऑन डेल्फीहून घेऊन येतो आणि आत जाऊन बोलूया का, असे सुचवतो; ईडिपस म्हणतो, सर्वांसमोर बोल. अंध द्रष्टा टायरेसियस म्हणतो, मला घरी जाऊ दे. तो जाऊ देत नाही. कॉरिंथचा जासूद त्याची भीती घालवायला म्हणून सांगतो की ज्यांना तू आईबाप समजतोस ते तुझे जन्मदाते नव्हेतच, आणि त्याच दिलाशातून अनर्थाचे दार उघडते. योकास्टाला सारे उमगते. ती त्याच्या विनवण्या करते की जिवाची पर्वा असेल तर हा शोध थांबव. शेवटी तो मेंढपाळ. प्रत्येक जण त्याला थांबण्याची संधी देतो, आणि नगरीला शब्द दिलेला हा राजा प्रत्येक वेळी पुढचे पाऊल टाकतो. ज्या हट्टाने त्याने एकदा स्फिंक्सचे कोडे सोडवून नगरी वाचवली, तोच हट्ट आता त्याला स्वतःच्या जन्माच्या कोड्यापाशी आणून उभा करतो. थोरवी आणि नाश यांचे मूळ एकच असणे, ही मला ग्रीक नायकाची खरी खूण वाटते.

क्रेऑनकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. सोफोक्लीजच्याच 'अँटिगनी'त तो राजा आहे. आपल्या भावाच्या, म्हणजे क्रेऑनच्या भाच्याच्या, प्रेताला मूठमाती देणाऱ्या अँटिगनीला, ईडिपसच्या मुलीला, त्याने जिवंतपणी गुहेत कोंडले आहे. डोळे उघडल्यावर वृद्धांचा वृंद, म्हणजे नाटकातला कोरस, त्याला सांगतो, आधी मुलीला सोडव, मग प्रेताचे पाहा. तो आधी प्रेताचे संस्कार उरकतो आणि गुहेपाशी पोहोचतो तेव्हा तिने गळफास घेतलेला असतो. मुलगा जातो, बायको जाते. क्रेऑनला सत्य कळते, पण त्याने ते शोधलेले नसते. ते त्याच्यावर येऊन आदळते. त्याची कीव येते, पण ईडिपसपुढे वाटणारी भीती त्याच्यापुढे वाटत नाही.

आता डोळ्यांविषयी. आई आणि पत्नी असलेल्या योकास्टाने गळफास घेतल्यावर ईडिपस तिच्या वस्त्राच्या सोन्याच्या टाचण्या काढून स्वतःचे डोळे फोडतो. हे रंगमंचावर घडत नाही, आतून आलेला सेवक ते सांगतो. मुखवटे घातलेल्या नटांच्या त्या रंगभूमीवर चेहरा काही दाखवू शकत नव्हता, सारा भार आवाजावर होता. हे कोणत्या देवाने करवले, असे वृंद विचारतो. ईडिपस म्हणतो, दुःखे अपोलोने आणली, पण वार करणारा हात माझाच होता. टायरेसियसने त्याच्या अंधत्वाचे भाकीत केले होते, हे खरे. पण डेल्फीच्या कौलात डोळ्यांविषयी अवाक्षर नव्हते, आणि ती कृती आपली म्हणून तो पदरात घेतो. बाकी सगळे त्याच्या हातून नकळत घडले होते. हे त्याने जाणून केले.

लगेच तो आणखी एक इच्छा बोलून दाखवतो. कानांतला आवाजाचा ओघ बांध घालून अडवता आला असता, तर मी हे शरीर तिकडूनही बंद केले असते, म्हणजे काही दिसले नसते आणि काही ऐकूही आले नसते. ऐकण्यासाठी सगळ्यांशी भांडलेला माणूस हे म्हणतो आहे. पण कान उघडेच राहतात. क्रेऑनने त्याच्या दोन लहान मुलींना बाहेर आणवलेले असते, आणि कोणी काही सांगण्याआधीच ईडिपस थबकून विचारतो, हे हुंदके माझ्या मुलींचे तर नव्हेत?