इसाराचा कागद आणि दुसऱ्याचं दुकान

(परभणीत तरुण व्यावसायिकांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

माईक जवळ घेतो, नाहीतर मागची मंडळी वडापाव खायला निघून जातील. तर विषय दिलाय ‘लीज ऑप्शन आणि परवान्याची जोखीम’. मला हा विषय दिला कामून, तर माझ्याकडं पंचवीस-तीस वर्षांचा अनुभव आहे म्हणून. त्यातली पहिली तीन वर्षं नुसता तोटा.

हल्ली पोरं मोबाईलवर बघतात की अमेरिकेत कुणीतरी खिशात दमडी नसताना घरांचा धंदा करतो. घर भाड्यानं घ्यायचं, सोबत ‘अमुक मुदतीत अमुक किमतीला विकत घ्यायचा हक्क माझा’ असं लिहून घ्यायचं आणि त्यासाठी थोडी रक्कम द्यायची. पुढं वाटलं तर घ्यायचं, नाही वाटलं तर सोडायचं. मालक बांधलेला, तुम्ही मोकळे. या ‘ऑप्शन’ला आपल्याकडं शब्दच नाही. आपल्याकडं इसार आहे. पण इसारात दोघंही बांधलेले असतात, घेणारा फिरला तर सहसा इसार बुडतो, देणारा फिरला तर कोर्टकचेरी. एकतर्फी बंधन आपल्या मोंढ्यात कुणी ऐकून घेत नाही. शेतीतही बघा, ठोक्यानं दिली तर दोन्ही बाजूंना शब्द पाळावा लागतो.

मी मात्र हे १९९४ साली करून बसलोय. तेव्हा मोबाईल नव्हता, डोकंही नव्हतं.

मोंढ्याजवळ एक पत्र्याचं दुकान होतं, दहा बाय वीसचं. पावसात पत्र्यावर असा ताशा वाजायचा की समोरच्याचा भाव ऐकू यायचा नाही. मालक आमच्या ओळखीतले, मी त्यांना काका म्हणायचो. भाडं सहाशे. मी म्हटलं, काका, दोन वर्षांत घ्यावंसं वाटलं तर एक लाख दहा हजाराला मलाच द्यायचं. अकरा हजार आगाऊ देतो. काका म्हणाले, “कागदाचं काय घेऊन बसलास, माझी जबान हाय की.” तरी मी हट्टानं बाँड केला. नोटरीकडं गेलो, त्यानं लाल शिक्का मारला, वर सोनेरी टिकली चिकटवली. मी तो कागद घरी देवघरात ठेवला होता, खरं सांगतो. आजही आपल्याकडं नोटरीचा शिक्का म्हणजे रजिस्ट्री असं समजणारे शेकडो लोक आहेत. माझा सगळा राग या टिकलीवर आहे. नोटरी एवढंच सांगते की ही माणसं माझ्यासमोर आली आणि यांनी सही केली. दुकान कुणाचं, हे ती सांगत नाही. बरं, तो शंभराचा बाँड आता पाचशेचा झाला, पण मोठ्या किमतीमुळं कागदाची अक्कल वाढत नसते.

आठ महिन्यांत मला एक खतवाला भेटला. एक लाख साठ हजार द्यायला तयार. पन्नास हजाराचा नफा! मी दुकानावर पाटी लावली, ‘विकणे आहे’, खाली माझं नाव. खतवाल्याकडून पाच हजार टोकन घेतलं. चौथ्या दिवशी हैदराबादहून काकांचे मोठे भाऊ उतरले. पाटीसमोर उभे राहून त्यांनी ती पूर्ण वाचली, मग मला विचारलं, “माझी सही कुठाय?” दुकान वडिलोपार्जित, दोघांचं. काका मान खाली घालून उभे. मी बाँड दाखवला. त्यांनी टिकलीवर बोट फिरवलं आणि हसले.

खतवाला तिथंच होता. त्यानं जे विचारलं ते मी आजवर विसरलो नाही. “तू मालक नाहीस. भाडेकरू आहेस. मग हे विकणारा तू कोण? दलाल?”

माझ्याकडं उत्तर नव्हतं. टोकन परत केलं, आगाऊ दिलेल्यातले चार हजार सहा महिन्यांनी मिळाले, बाकीचे अजून काकांच्या जबानीत आहेत.

चिठ्ठी आली. सात मिनिटं उरली म्हणे. आता भरभर घेतो.

खतवाल्याचा प्रश्न तोच तुमचा परवान्याचा प्रश्न: मालक नसताना विकायचं, तर दलालीचा परवाना लागतो का? अमेरिकेत हे राज्याराज्यात वेगळं आहे. टेक्सासनं २०१७ साली सांगितलं की करारातला आपला हक्क विना परवाना विकता येतो, पण आपण मालक नाही, फक्त हक्क विकतोय हे समोरच्याला सांगायचं. इलिनॉयनं २०१९ मध्ये घट्ट केलं, १२ महिन्यांत दोन वा अधिक वेळा असे व्यवहार केले तर परवाना लागतो. आणखी एक, तिथल्या १९८२ च्या केंद्रीय कायद्यानं कर्जावरचं घर खरेदीच्या हक्कासह भाड्यानं दिलं तर बँकेला पूर्ण कर्ज एकदम मागता येतं. व्हिडिओत हे येत नाही.

आपल्याकडं ‘रेरा’, म्हणजे घर-प्लॉटच्या प्रकल्पांवर नजर ठेवणारा कायदा. नोंदणीकृत प्रकल्पातला प्लॉट वा फ्लॅट दुसऱ्याच्या वतीनं विकायला मदत करायची तर एजंट म्हणून नोंदणी हवी. नाही केली तर दिवसाला १०,००० रुपये दंड, मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. आणि ५०० चौरस मीटर, म्हणजे साधारण पाच गुंठे, याहून मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकलात तर सहसा प्रकल्पाचीच नोंदणी लागते. शहराबाहेर एकर एकर पाडणाऱ्यांनी कान उघडे ठेवा.

भाड्याचा कागद अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं नोंदवावा लागतो, जबाबदारी मालकाची. मालकाची लेखी परवानगी नसताना पोटभाडेकरू ठेवलात तर तुम्हालाच बाहेर काढतात. साठेखतानं, म्हणजे पुढं विकण्याच्या करारानं, जागेत हक्क निर्माण होत नाही, करार पाळायला लावता येतो इतकंच, आणि दावा लावायला तीन वर्षं. ताबा आधीच घेतलात तर त्या साठेखतावर मुद्रांक शुल्क खरेदीखतासारखंच बसतं. आणि ऑप्शनसाठी काहीच मोबदला दिला नसेल, तर तुम्ही ‘घेतो’ म्हणेपर्यंत मालक शब्द परत घेऊ शकतो.

वडिलोपार्जित जागेत सगळ्यांच्या सह्या, सात-बारा, फेरफार, आणि इनाम किंवा वतनाची तर नाही ना, हे बघा. मराठवाड्यात जुनी निजामी इनामं अजून भांडणात निघतात. गुंठेवारीचं वेगळं प्रकरण आहे, ते आज होत नाही, अध्यक्ष घड्याळ बघतायत.

तो बाँड मी सोबत आणलाय. चहाच्या वेळी दाखवतो. टिकली अजून चमकते.