सरावाचा पैसा

(दृश्य: संध्याकाळ. मातीचं कबड्डीचं मैदान. एक मुलगा नळी धरून पाणी मारतोय.)

मैदानावर पाणी मारून झालं की चुन्याच्या रेषा ओढायच्या. पुरुषांसाठी १३ मीटर बाय १०, मुलींसाठी १२ बाय ८. एवढ्याशा जागेत रोज संध्याकाळी तीस-चाळीस पोरं घाम गाळतात. कुणाचा बाप रिक्षा चालवतो, कुणाची आई शेतात मजुरीला जाते. फी जवळपास नाहीच. असली तरी वसूल करायला कुणाचं मन धजत नाही.

अशा मैदानांवर चालणारी क्रीडा मंडळं महाराष्ट्रात गावोगाव आहेत. लालबाग-परळच्या चाळींमध्ये गिरणी कामगारांच्या वस्तीत कबड्डी रुजली. कोल्हापुरात पेठेपेठेत तालमी उभ्या राहिल्या. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. यातलं बरंच काही लोकांच्या वर्गणीवर उभं राहिलेलं आहे.

(दृश्य: जमाखर्चाची वही. बोट एकेका ओळीवरून खाली सरकतं.)

मंडळाची वही उघडली की खर्चाची पानं साधारण अशी दिसतात. चुना. दिव्यांचं वीजबिल. नीकॅप, क्रेप बँडेज, स्प्रे. निवड चाचणीला जायचं एसटीचं भाडं. शिबिराच्या दिवसांत केळी आणि उकडलेली अंडी. खाली प्रशिक्षकाचं मानधन असा एक रकाना असतो, आणि त्यात आडवी रेघ. प्रशिक्षक दिवसभर नोकरी करून संध्याकाळी मैदानावर येतात.

आता जमेची बाजू बघा. वर्षातून एकदा रात्रीचे सामने होतात, आणि तेवढ्यापुरतं पान भरून जातं. पहिलं बक्षीस अमुक शेठकडून, चषक अमुक दुकानदाराकडून, मंडप आणि दिवे कुणा पुढाऱ्याकडून. सामने संपतात आणि पुढचे अकरा महिने जमेचं पान कोरंच राहतं.

आमचं म्हणणं एवढंच आहे: स्पर्धेला पैसा मिळतो, सरावाला मिळत नाही. आणि खेळाडू घडतो सरावात. म्हणून सरावाचा पैसा सरावाच्या नावाने, आकडा मांडून मागायला हवा. तो मागायच्या जागा आहेत.

(दृश्य: खाशाबा जाधव यांचं जुनं कृष्णधवल छायाचित्र.)

१९५२ साली गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिथे जायला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आज खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. पण एक गोष्ट लक्षात घ्या. घर गहाण पडलं ते प्रवासखर्चासाठी. त्याआधी लाल मातीत गेलेल्या वर्षांचा हिशोब कुणीच मांडला नाही. तो वस्तादांनी आणि घरच्यांनी सोसला. सत्तर वर्षांनंतरही बहुतेक मंडळांत तसंच चालू आहे, आणि ते बदलायला हवं.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. खो-खोचा खेळाडू शाळेच्या आणि मंडळाच्या मैदानावरच तयार होतो. टीव्हीवर दिसणाऱ्या झेपेमागे कित्येक वर्षांचा फुकट दिलेला सराव असतो.

(दृश्य: पत्र्याच्या कपाटातली जुनी फाइल. पिवळे पडलेले कागद.)

पैशाकडे जाणारा पहिला रस्ता या कपाटातून जातो. महाराष्ट्रातली बहुतेक मंडळं दोन कायद्यांखाली नोंदलेली असतात: १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. धर्मादाय कार्यालयातला नोंदवहीचा उतारा काढला की कार्यकारिणीची नावं दिसतात. पुष्कळ मंडळांत इथेच गाडं अडतं. उताऱ्यावरचे अध्यक्ष वारलेले असतात, सचिव गाव सोडून गेलेले असतात, आणि प्रत्यक्षात मंडळ चालवणाऱ्या पोरांपैकी एकाचंही नाव कागदावर नसतं.

कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद करून घ्यायचा अर्ज, धर्मादाय कार्यालयात दाखल करायचा असतो. विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम २२. गावात निवडणूक होते, नारळ फुटतो, हार पडतात आणि हा अर्ज राहून जातो. एकदा राहिला की पुढच्या कार्यकारिणीचाही अडकतो, आणि अशा दोन-तीन निवडणुकांची गाठ पडते. ती सोडवायला वेळ लागतो. जुन्या सभासदांची संमतिपत्रं, वारलेल्यांचे मृत्यूचे दाखले, विलंब माफीचा अर्ज, सभेचं इतिवृत्त, सगळं गोळा करावं लागतं. कंटाळवाणं काम आहे. पण आम्हाला विचाराल तर मंडळातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीने किंवा मुलाने हाती घ्यावं असं याच्याइतकं मोलाचं दुसरं काम नाही. उतारा जुना असेल तर बँक खात्यावरच्या सह्या बदलत नाहीत, आणि सह्या बदलल्याशिवाय कोणताही निधी खात्यात आला तरी वापरता येत नाही.

सोबत दरवर्षीचं ऑडिट हवं. आणि आयकर विभागाच्या दोन नोंदण्या, १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलमांवरून ओळखल्या जाणाऱ्या: बारा-ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट) आणि ऐंशी-जी (देणगी देणाऱ्याला करसवलत). अर्ज ऑनलाइन होतो. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांसाठी तात्पुरती नोंदणी मिळते.

(दृश्य: जिल्हा क्रीडा संकुल. सूचना फलक.)

सरकारी पैशासाठी पहिलं दार जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांचं. व्यायामशाळा विकास अनुदान आणि क्रीडांगण विकास अनुदान या योजना तिथून चालतात, आणि त्यांचा निधी बहुतेक जिल्हा नियोजन समितीतून येतो. सपाटीकरण, कुंपण, धावनमार्ग, व्यायामाचं साहित्य अशा कामांना हे अनुदान मिळतं. जागा कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न लगेच पुढे येतो. मैदान गायरानात असेल किंवा शाळेच्या हद्दीत असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव किंवा शाळेचा लेखी करार आधीच करून ठेवावा.

आमदार-खासदार निधीबद्दल फार बोलायला नको, सगळ्यांना तो माहीत आहे. त्यातून सभागृह होतं, दिवे लागतात, भिंत होते. प्रशिक्षकाचं मानधन त्यातून निघत नाही. मुलींच्या संघासाठी मात्र ग्रामपंचायतीत जरूर विचारा. महिला आणि बालकल्याणासाठी राखून ठेवायचा वाटा असतो, आणि तो कुठे खर्च झाला हे ग्रामसभेत विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

चालू खर्च देणारी सरकारी योजना विरळा. खेलो इंडिया केंद्रांची कल्पना म्हणूनच चांगली वाटते. माजी नामवंत खेळाडूच्या हाती छोटं केंद्र, सुरुवातीला ५ लाख रुपये मैदान आणि साहित्याला, आणि दरवर्षी ५ लाख मानधन, किट, स्पर्धा यांना. आपल्या जिल्ह्यात नवीन केंद्रं घेतात का, आपला खेळ यादीत बसतो का, हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात कळेल. तुमच्या मंडळातून राष्ट्रीय स्पर्धा खेळलेली मुलगी आज गावातच शिकवत असेल, तर तिला घेऊनच जा.

(दृश्य: एमआयडीसीचा रस्ता. कारखान्याचं फाटक.)

आता कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारी म्हणून कंपन्यांनी करायचा खर्च. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता (देणी वजा जाता उरणारी) ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकामावर खर्च करायची असते. कोणत्या कामांवर, ते सातव्या परिशिष्टात दिलंय. त्यात ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यतेचे खेळ, पॅरालिंपिक आणि ऑलिंपिक खेळ यांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे.

प्रशिक्षण. म्हणजेच सराव. ही आपल्या कामाची ओळ आहे, आणि ती प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात आली पाहिजे.

बहुतेक मंडळं कंपनीकडे जातात ती रात्रीच्या सामन्यांची पत्रिका घेऊन. तिथे नकार मिळाला की म्हणतात, मोठ्या लोकांना आपली किंमत नाही. खरं कारण नियमात आहे. २०१४ मध्येच केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने खुलासा केला की मॅरेथॉन, पुरस्कार, टीव्ही कार्यक्रमांचं प्रायोजकत्व असे एकवेळचे कार्यक्रम सीएसआरमध्ये धरता येत नाहीत. आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्वही नियमांनी वगळलंय. जर्सीवर कंपनीचं नाव छापायचं तर तो पैसा जाहिरात विभागाकडून घ्यावा. वर्षभराच्या सरावाचा प्रस्ताव सीएसआर विभागाकडे द्यावा. दोन टेबलं आहेत, आणि चुकीच्या टेबलावर ठेवलेला चांगला अर्जही परत येतो.

कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही कायदा म्हणतो. त्यामुळे मुंबईच्या मुख्यालयाला पत्रं पाठवण्याआधी जवळच्या एमआयडीसीत चक्कर मारा. कोणत्या कंपनीने कोणत्या जिल्ह्यात कशावर किती खर्च केला, ही माहिती सरकारच्या सीएसआर पोर्टलवर सगळ्यांना खुली आहे. मोबाइलवर बसून बघता येते.

मंडळाकडे बारा-ए आणि ऐंशी-जी हवं, तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा नोंदणीचा फॉर्मही सक्तीचा आहे. यातलं काहीच नसेल तर थांबून राहू नका. कागद असलेल्या एखाद्या जुन्या संस्थेने प्रकल्प घ्यायचा आणि सराव तुमच्या मैदानावर चालवायचा, असाही मार्ग निघतो. सगळं लेखी करा. आणि टक्केवारी घेऊन सीएसआर मिळवून देतो म्हणणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवा.

(दृश्य: फळ्यावर खडूने आकडे मांडले जातात.)

प्रस्तावात आकडा कसा मांडायचा? समजा ४० मुलं आहेत. दोन प्रशिक्षक, प्रत्येकी महिन्याला ८,०००, वर्षाचे झाले १,९२,०००. स्पर्धांचा प्रवास ४०,०००. खाणं आणि प्रथमोपचार ४८,०००. बूट आणि नीकॅप, मुलामागे दीड हजार, म्हणजे ६०,०००. वीज, चुना, डागडुजी २०,०००. बेरीज ३,६०,०००. एका मुलामागे वर्षाला ९,०००, महिन्याला ७५०. हा शेवटचा आकडा ठळक लिहा. मानधन लाजून वगळू नका. प्रशिक्षक फुकट शिकवतात हे अभिमानाने सांगितलं जातं, पण त्यांची बदली झाली किंवा तब्येत बिघडली की मैदान ओस पडतं, हेही आपण पाहिलेलं आहे.

यात बूट घातलेत ते मुद्दाम. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात. मातीत अनवाणी खेळलेली पोरं मॅटवर पहिल्यांदा बूट घालून उतरतात तेव्हा पाय कुठे रोवायचा हेच त्यांना कळत नाही. चढाई चांगली असूनही निवड चाचणीत मागे पडतात. प्रस्ताव वाचणाऱ्याने कबड्डी कधी खेळलेली नसते. त्याला ही अडचण दोन ओळींत समजावून सांगा.

(दृश्य: मंडळाच्या जुन्या संघांची भिंतीवरची छायाचित्रं.)

या छायाचित्रांतली माणसं आज बँकेत, रेल्वेत, पोलिसात आहेत. त्यातली पुष्कळ खेळाच्या जोरावरच लागली. महिन्याला दोनशे रुपये देणारे पन्नास माजी खेळाडू मिळाले तर वर्षाचे १,२०,००० होतात, आणि या पैशाला अट नसते. देणगी खात्यात घ्या. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ऐंशी-जीची सवलत मिळत नाही. नव्या करप्रणालीत पगारदाराला ही वजावट नाहीच, तेव्हा करसवलतीपेक्षा मैदानाची ओढ सांगूनच मागावं.

परदेशातल्या मराठी माणसांकडून मदत घेताना पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. अमेरिकेचं किंवा ब्रिटनचं नागरिकत्व घेतलेल्या आपल्याच गावच्या माणसाची मात्र ठरते, आणि तिला परदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. ती नसताना पैसे घेतले तर मंडळ अडचणीत येतं. देणाऱ्याला हे सरळ सांगा.

(दृश्य: हजेरीपत्रक. एकेका नावापुढे बरोबरची खूण.)

पैसा आला की त्याचा वेगळा हिशोब ठेवा. रोजची हजेरी, तारखेसह छायाचित्रं, प्रत्येक खरेदीचं पक्कं बिल, आणि वर्षाअखेर सनदी लेखापालाच्या सहीचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला. दुसऱ्या वर्षीची रक्कम बहुतेक वेळा यावरच अवलंबून असते. कंपन्यांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि नियोजन त्याआधीच हलू लागतं, म्हणून प्रस्ताव जानेवारीत तयार हवा. रात्रीच्या सामन्यांची धामधूम नेमकी याच महिन्यांत असते. तेव्हा मंडळातल्या दोघांना सामन्यांच्या कामातून मोकळं ठेवा आणि त्यांच्याकडे फक्त हा प्रस्ताव द्या.