तारखेचं पाणी

(पहाटेचा अंधार. गल्लीच्या तोंडाशी निळ्या कॅनची रांग. लांबून मोटर सुरू झाल्याचा आवाज.)

पावणेपाच वाजलेत. या गल्लीत गजर लावावा लागत नाही. मोटर घरघरली की उठायचं. मोटर ज्याची, नळी ज्याची, पाणीही त्याचंच. आपण कॅन पुढे सरकवायचा आणि पैसे मोजायचे.

वस्ती मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरची, बंदराच्या जमिनीवरची. कागदोपत्री आता पोर्ट ऑथॉरिटी, लोकांच्या तोंडी अजून बीपीटीच, म्हणजे जुनं बॉम्बे पोर्ट ट्रस्ट. वस्तीचं नाव आम्ही सांगणार नाही. ही नळी उद्या कापली गेली तर परवा प्यायचं काय, हा साधा हिशेब त्यामागे आहे.

(नळ्यांचं जाळं. गटारातून, पत्र्यावरून, दाराच्या चौकटीवरून. कॅमेरा एका नळीच्या मागे चालत राहतो.)

ही पिवळी नळी बघत राहा. गल्लीत कुठेही पाणी गळू लागलं की कुणीतरी धावत येऊन सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळतं. महापालिकेच्या नळाला गळती लागली तर इतक्या तातडीनं कुणी येत असेल का, शंकाच आहे.

(धरणाचा विस्तीर्ण जलाशय. मग जंगलातून जाणारी अजस्र जलवाहिनी.)

हेच पाणी निघतं शहापूरच्या डोंगरांतून. तानसा, मोडकसागर, भातसा. मुंबईला पाणी देणारे तलाव सात, आणि मुंबई रोज जवळपास चार अब्ज लिटर पिते. धरणांच्या कुशीतले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, ती गोष्ट वेगळ्या चित्रफितीची. आपण नळाबरोबर शहरात येऊ.

शहरात पाणी देणं हे महापालिकेचं कर्तव्य. 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात, कलम 61 मध्ये, ते बंधनकारक कामांच्या यादीत आहे. बहुतेक धरणं पालिकेची, जलवाहिन्या पालिकेच्या, नळजोडणीची परवानगी देणारी कचेरीही पालिकेचीच. पण कुणाला परवानगी द्यायची नाही, हे ठरलं मंत्रालयात.

(जुन्या कागदांचा गठ्ठा. बोट एका ओळीवर थांबतं.)

4 मार्च 1996. राज्य सरकारचं परिपत्रक. 1 जानेवारी 1995 नंतर उभ्या राहिलेल्या अनधिकृत झोपड्यांना स्थानिक संस्थांनी पाणी देऊ नये. पालिकेच्या पाणीपुरवठ्याच्या नियमांतही मग हीच तारीख येऊन बसली. खरं तर ही तारीख होती पुनर्वसनासाठी. कुणाला संरक्षण, कुणाला बदली घर, हे ठरवायला. ती नळापर्यंत कशी पोचली? पाणी दिलं तर अतिक्रमणं वाढतील, हा सरकारचा युक्तिवाद. जणू लोक मुंबईत नळ बघून येतात, काम बघून नाही.

पुढे घरांसाठीची तारीख सरकली. 1995 ची 2000 झाली. ज्यांचं घर त्या रेषेच्या एक महिना पलीकडचं, त्यांच्या दारावरून जलवाहिनी गेली, तरी नळ आला नाही.

(प्लॅस्टिकच्या पिशवीतून निघणारे कागद: रेशन कार्ड, मतदार यादीचा उतारा, वीजबिल. पंख्याखाली एकेक उडू नये म्हणून वर ठेवलेला तांब्या.)

वीजबिलाकडे लक्ष गेलं? याच घरात मीटर आहे. वीज देणाऱ्यानं तारीख विचारली नाही.

(उच्च न्यायालयाची इमारत, रस्त्यापलीकडून.)

2012 मध्ये पाणी हक्क समितीची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात गेली. 15 डिसेंबर 2014 ला न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती अजय गडकरी यांच्या खंडपीठानं निकाल दिला. घर बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. पाणी हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. न्यायालयानं तोल सांभाळला. पाणी दिल्यानं झोपडी कायदेशीर होत नाही, आणि इतरांइतकंच, त्याच दरानं द्यावं असंही नाही. पण द्यायचं. त्यासाठी धोरण करा, असं पालिकेला बजावलं.

धोरण आलं 2017 मध्ये. सोबत अपवादांची शेपूट: पदपथ, समुद्रकिनारा, प्रकल्पांना लागणारी जागा, काही खासगी जमिनी. आणि केंद्र सरकारच्या जमिनीवर राहत असाल, तर त्या जमीनमालकाचं ना हरकत प्रमाणपत्र. म्हणजे रेल्वेचं, विमानतळाचं, बंदराचं. एका सरकारची तारीख सुटली, तर दुसऱ्या सरकारची सही आडवी आली.

मे 2022 मध्ये ‘सर्वांसाठी पाणी’ हे नवं धोरण जाहीर झालं. नाव छान आहे.

(शाळेच्या गणवेशातली मुलगी दोन कॅन उचलते. मागे समुद्र.)

मुलींची शाळा बुडते, पोटाची दुखणी येतात, कमाईतला मोठा वाटा पाण्यात जातो.

(इथे निवेदन नाही. फक्त पाणी पडण्याचा आवाज. मुलगी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत दृश्य धरून ठेवावं.)

वस्तीतल्या पंधरा घरांनी मिळून एका सामायिक नळासाठी अर्ज केला आहे. एका ताईंनी त्याची पोचपावती घरात, देव्हाऱ्याशेजारी जपून ठेवलीय. आम्हाला त्यांनी ती दाखवली.

(पोचपावतीचा जवळून घेतलेला भाग. जांभळा शिक्का.)

शिक्का जरा पुसट आहे. तारीख मात्र स्पष्ट वाचता येते.