दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं का?

नमस्कार मंडळी! फिजिओथेरपी असिस्टंटचा कोर्स करणाऱ्यांसाठी आजचा व्हिडिओ आहे. बाकीच्यांनीही बघा, घोटे सगळ्यांनाच असतात.

ठाण्यात गुरुपौर्णिमा झाली की गोविंदा पथकांचा सराव सुरू होतो आणि मागोमाग आमच्याकडे मुरगळलेले घोटे यायला लागतात. गेल्या वर्षीचाच एक. खालच्या थरातला पोरगा. वर माणूस चढताना पाय आत वळला. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला अंडं ठेवावं तशी सूज. त्याचा एकच प्रश्न, "मॅडम, हंडीपर्यंत होईल ना?"

आता हिशोब करा. गुरुपौर्णिमा ते गोपाळकाला म्हणजे साधारण ३७-३८ दिवस. त्यातला आठवडा आधीच गेलेला. त्याच्या डोक्यात हे कॅलेंडर, लिगामेंटचं, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्टीचं, कॅलेंडर वेगळं, आणि दुखण्याचं तिसरंच.

दुखण्यापासून सुरू करू. रात्री पाणी प्यायला उठलात आणि पायाची करंगळी पलंगाच्या पायाला आपटली. आधी एक सणक जाते, अगदी नेमकी, करंगळीतच. मग क्षणभर काहीच नाही, आणि आपल्याला माहीत असतं की आता येणार. मग येतो तो ठणका, पसरट, खोल. पोटात कालवतं.

हे दोन वेगळे निरोप आहेत, दोन वेगळ्या तारांवरून आलेले. सणक येते ए-डेल्टा तंतूंवरून. त्यांच्यावर मायलिनचं पातळ वेष्टन असतं, वेग सेकंदाला ५ ते ३० मीटर. ठणका येतो सी तंतूंवरून. तिथे मायलिन नाही, म्हणून वेग अर्धा ते दोन मीटर. पाय ते कणा साधारण मीटरभर अंतर धरलं, तर दुसरा निरोप सेकंदभर मागे का राहतो ते आकड्यातच दिसतं.

आणि मग आपण काय करतो? करंगळी चोळतो. लहान मूल पडलं की आई चोळते, फुंकर घालते. स्पर्शाचे ए-बीटा तंतू यांच्याहून जाड आणि जलद. ते कण्यातच दुखण्याच्या निरोपाला अडवतात. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडलेली गेट कंट्रोल थिअरी ती हीच. पुढे तिच्यात बरीच दुरुस्ती झाली, पण टेन्सचं, म्हणजे त्वचेवरून सौम्य करंट देणारं, मशीन लावताना आजही पेशंटला आपण हेच समजावतो.

इथे एक सांगते, वहीत लिहून ठेवा. पेशंटचा शब्द बदलू नका. आपल्याकडे लोक नुसतं 'दुखतंय' म्हणत नाहीत. ठसठसतंय, चमक निघते, उसण भरली, आग होते, मुंग्या येतात, करंट बसल्यासारखं होतं. तुम्ही त्या सगळ्याचं 'पेन' करून टाकलंत की माहिती गेली! ठसठस असेल तर सूज, दाह मनात येतो. आग, मुंग्या, करंट म्हटलं की नस डोक्यात यायला हवी. निदान तुम्ही करायचं नाही, ते फिजिओ आणि डॉक्टर करतील. पण टेबलाशेजारी सगळ्यात जास्त वेळ तुम्ही असता, आणि हे शब्द तुमच्याच कानावर पडतात.

आता लिगामेंटचं कॅलेंडर. (इथे घोट्याचं मॉडेल हातात.) हे बघा, घोट्याच्या बाहेरच्या हाडापासून पुढे जाणारी ही पट्टी, एटीएफएल, म्हणजे अँटिरिअर टॅलोफिब्युलर लिगामेंट. पाय आत वळला की बहुतेक वेळा पहिली हीच ताणते. पहिले चार-सहा दिवस दाहाचे. सूज, लाली, ऊब. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात, मागून मॅक्रोफेज, साफसफाई चालते. सूज शत्रू नाही, ती कामावर आलेली माणसं आहेत. गेब मिर्किन या डॉक्टरांनी १९७८ साली बर्फ आणि विश्रांतीचा 'राईस' नियम रूढ केला. पुढे त्यांनीच लिहिलं की बर्फाने बरं होणं लांबू शकतं. दुखणं कमी करायला थोडा वेळ बर्फ ठीक, पण दिवसभर पाय बादलीत नको.

मग सुमारे तीन आठवड्यांपर्यंत भरणी. फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी घाईघाईने कोलॅजन, म्हणजे प्रथिनाचे धागे, टाकतात, प्रकार तीनचं, बारीक आणि कच्चं. धागे कसेही पडतात, झोपेतून उठल्यावरच्या केसांसारखे. हे धागे विंचरतं कोण? वजन. पायावर बेताबेताने भार पडला की धागे ताणाच्या दिशेला लागतात आणि प्रकार तीनच्या जागी हळूहळू मजबूत प्रकार एक येतं. हे काम महिनोन् महिने चालतं, वर्षभरसुद्धा. कंगवा फिरवलाच नाही तर गुंता तसाच राहतो, आणि जोरात ओढला तर केस तुटतात.

ताकदीचा एक आकडा सांगते, त्वचेच्या जखमेचा. तीन आठवड्यांनी मूळ ताकदीच्या जेमतेम पाचवा हिस्सा येतो. तीन महिन्यांनी फार तर ८० टक्के. मधुमेह असेल, विडी-सिगारेट असेल तर आणखी रखडतं. आणि दुखणं? ते बऱ्याचदा तीन आठवड्यांच्या आतच गेलेलं असतं. आमच्या गोविंदाचं अठराव्या दिवशी गेलं.

याच्या अगदी उलटही होतं, आणि तिथे माझ्या हातून चूक झाली आहे. नवीन होते तेव्हा एका काकूंचा कमरेचा एमआरआय बघून मी सहज बोलून गेले, "काकू, मणका झिजलाय हो." त्या दिवसापासून काकूंनी मांडी घालून बसणं सोडलं. मग पाटावर पूजेला बसणं. मग ठाणे स्टेशनचा पूल. तीन वर्षं दुखत होतं, आणि इतक्या दिवसांत कुठलीही साधी लचक कधीच भरून निघालेली असते.

२०१५ साली ३३ अभ्यास एकत्र करून ३,११० लोकांची माहिती तपासली गेली, ज्यांची पाठ अजिबात दुखत नव्हती अशांची. त्यांच्यात डिस्कची, म्हणजे मणक्यांमधल्या गादीची, झीज विशीतल्या ३७ टक्क्यांना, ऐंशीतल्या ९६ टक्क्यांना. म्हणजे काकूंचा रिपोर्ट वयाच्या पांढऱ्या केसांसारखा होता, आणि मी त्याचा आजार करून ठेवला.

मग दुखत काय होतं? दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मज्जासंस्थेचंही तसंच होतं. क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये दाखवलं की इजेनंतर कण्यातल्या पेशीच जास्त संवेदनशील होतात, साध्या स्पर्शालाही ठणका निघू शकतो. याला सेंट्रल सेन्सिटायझेशन म्हणतात. हे नाटक नाही, दुखणं खरंच असतं. फक्त 'दुखतंय म्हणजे आत काहीतरी फाटतंय' हे तिथे खरं नसतं. काकूंना पाटावर बसवायला मला चार महिने लागले. आधी खुर्ची, मग उंच स्टूल, मग दोन उशा, मग एक.

एवढं मात्र ऐका. पोटरी गरम आणि सुजलेली, लघवीवरचा ताबा गेलेला, बसायच्या जागेचा भाग बधिर, रात्रीचं न थांबणारं दुखणं. यातलं काहीही कानावर आलं की व्यायाम बंद आणि लगेच फिजिओला सांगा.

आणि गोविंदा? अठराव्या दिवशी म्हणाला, "मॅडम, शून्य दुखतंय, सोडा आता." मी त्याला भिंतीशी उभा केला, एका पायावर टाच उचलायला लावली. (टाचेचा क्लोजअप.) डाव्या पायाने २५ वेळा. उजव्याने ११, आणि अकराव्याला घोटा असा थरथरला. मोजत होता तो स्वतःच. काही बोलला नाही, चपला घातल्या. त्या वर्षी तो थराबाहेर उभा राहून मोबाईलवर शूटिंग करत होता.